उंदरानं नेलेली तोटी

"कमर धरली तं गुंड सुटते, गुंड धरला तं कमर सुटते," धुरपता पुटपुटली. आवाज हळूच होता. पण दहा बाय दहाच्या टिनाच्या खोलीत हळू बोललेलंही पत्र्याला आपटून परत येतं. "पुलगावले म्हणे चोवीस तास पानी. नुसती तोटी फिरवा."

जागृतीनं सासूच्या कमरेवरचा पाण्यानं भरलेला गुंड उतरवून घेतला, तिच्या हातावरून ओघळलेलं पाणी ओढणीनं टिपलं आणि चहा पुढे सरकवला.

हे रोजचंच. नालवाडीतलं मातीचं घर पाडून दिवाळीनंतर घरकुलाचं काम काढलं, तेव्हापासून सासू-सून अंगणातल्या या टिनात राहत होत्या. पाणी कोपऱ्यावरच्या हापशीचं. आंघोळ साडीच्या आडोशाला. एकीनं बसायचं, दुसरीनं तांब्यानं बेतानं पाणी घालायचं. सुरुवातीला धुरपताला लाज वाटे. आता सून पाठ चोळायला लागली की तिला बसल्या जागी डुलकी लागे.

अश्विनला जाऊन चार वर्षं झाली होती. लेक गेल्यावर सून आपली कोण लागते, हे कोणी सांगत नाही. विचारायचं तरी कोणाला? मध्ये लेकरू असतं तर निदान त्याची आजी म्हणून राहता आलं असतं.

पुलगावचा धाकटा लेक, रजत, पाया खणतानाच म्हणाला होता, "घर होऊ दे, मंग आईले मी नेतो. वहिनीचं वय काय हाये? तिलेबी मोकळं राहू दे."

बोलणं खरं होतं, म्हणून धुरपताला नाही म्हणता आलं नाही. जागृतीही खाली मान घालून उभी राहिली.

भिंती झाल्या, स्लॅब पडला, रंग लागला. राहिली न्हाणीतली तोटी. "तोटी बसली का त्याच दिवशी रस्त्याची लाइन जोडतो," नळ बसवणारा ताराचंद म्हणाला. "आधी जोडली तं पानी वाया." पितळेची नवी तोटी त्यानं खिडकीत ठेवली. सकाळी ती नव्हती.

"उंदरानं नेली असंल," धुरपता म्हणाली.

"पितळेची?"

"आजकालचे उंदीर, काय सांगावं बाई."

जागृतीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "लई झाले टिनात उंदीर, खरं हाये," ती म्हणाली आणि दवाखान्यात ड्युटीवर गेली.

पंधरवड्यानं दुसरी तोटी आली. तीही उंदरानं नेली. दोन्ही धुरपताच्या खाटेखाली, ज्वारीच्या डब्यात तळाशी होत्या. दळण काढताना त्या हाताला लागत आणि ती आधी दाराकडे पाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तोट्या डब्यात गेल्यापासून दळणाला ती जागृतीला हात लावू देत नसे.

उंदीर तसे खरेही होते. एका सकाळी जागृतीनं पोपटी ओढणी तिच्यापुढे धरली. "पाहा आई, कोपराच नेला."

खोटा आळ घातल्यापासून धुरपताला उंदरांची जरा दयाच येत होती. "जाऊ दे," ती म्हणाली. "लहान जीव हाये."

मग रजतचा फोन आला. जागृतीनं स्पीकर लावला.

"दोन-दोन तोट्या उंदीर नेते का वहिनी? काऊन उशीर करून राह्यले तुमी? मी रविवारी गाडी घेऊन येतो."

"या भाऊजी," जागृती म्हणाली. "तोटी आजच आणतो मी."

आणि आणलीसुद्धा. खिडकीत ठेवली नाही. पर्समध्ये घालून ती पर्स उशाशी घेतली. धुरपता पलीकडे तोंड करून पडून राहिली. एका शब्दानं तरी हिनं म्हणावं, राहा म्हणून. एवढी घाई? पण बरोबर आहे, तरुण पोर आहे.

तिनं पेटी भरली. चार लुगडी, चष्मा, अश्विनचा फोटो. मग फोटो काढून पुन्हा खिळ्याला टांगला. तो जागृतीचाही होता.

रविवारी सकाळी सातला गल्लीत नळ आले. बाहेर रजतची गाडी उभी होती, डिकीत पेटी. ताराचंदनं लाइन जोडली, तोटी बसवली आणि बाजूला झाला.

"फिरवा माय, तुमच्याच हातानं."

धुरपतानं तोटी फिरवली. सुस्कारा टाकावा तशी हवा आली. दोन थेंब पडले. मग काहीच नाही.

"असं कसं? शेजारी तं धो-धो चालू हाये." ताराचंदनं लाइन बंद केली, तोटी काढली, पाइपात तार घालून ढोसली आणि ओढली. तारेला घट्ट पिळलेली चिंधी आली. त्यानं ती झटकून उलगडली.

चिंधी पोपटी होती. एक कड कात्रीनं कापलेली, पट्टीनं आखावी तशी सरळ.

"आता हे कोणाचं काम?" रजत कावला.

धुरपतानं चिंधी हातात घेतली, पिळली, पुन्हा पिळली.

"उंदीर," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. "लई झाले टिनात."

जागृती उंबऱ्यात उभी होती. आत येऊन तिनं ओल्या चिंधीसकट सासूचा हात धरला.

"ज्वारीतल्या तोट्या मले पयल्या दिवसापासून ठाऊक हायेत," ती म्हणाली. "आई, जाऊ नका."