नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा

चष्मेवाल्याने चष्मा यंत्रात अडकवला, एक डोळा मिटून आत बघितलं, चाक फिरवलं, उलटं फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हा तर तुमचा नंबर. गडबडीत तुमचाच जुना उचलून आणलात."

"माझा नाही हो. आईचा आहे. सहा वर्षं झोपताना सोडून कधी तिच्या नाकावरून उतरला नाही."

दुकानाच्या दाराशी जुन्या चष्म्यांची पेटी होती. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी. चष्मेवाला प्रत्येक चष्मा आधी तपासायचा, नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी दोऱ्याने दांडीला बांधायचा. एकाचा नंबर दुसऱ्याच्या डोळ्यांवर जायला नको, एवढीच त्याची काळजी.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळी नातलग आणि शेजारीपाजारी जमणार होते आणि बाई आईबद्दल बोलणार होत्या. वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना बोलायचं कसलं भय? तरी पान लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. आईने नात सांभाळली म्हणून माझी नोकरी टिकली. रोज दुपारी तिने नातीला पुस्तकं वाचून दाखवली. शेवटपर्यंत तिची नजर तल्लख होती. पान झकास उतरलं होतं. घरात वाचून बघितलं तेव्हा बाईंच्या नवऱ्याने नाक पुसलं होतं.

"वजा साडेतीन, दोन्हीकडे," चष्मेवाला म्हणाला. "लांबचं न दिसणाऱ्याचा आहे हा. तुमच्या आईंचं वय काय होतं?"

"बहात्तर."

"मग त्यांना जवळचा लागत असणार. हा लावून पुस्तक धरलं तर नुसती मुंग्यांची रांग."

बाईंनी चष्मा हातात घेतला. तपकिरी फ्रेम. डाव्या दांडीच्या टोकाला दाताने चावल्याची खूण. पेपर तपासताना दांडी चावायची खोड आईची नव्हती.

सहा वर्षांपूर्वी ही फ्रेम बाईंना जुनाट वाटायला लागली होती. नंबर तोच, फक्त चेहरा बदलायचा होता. टाकून दिलेला चष्मा आईने कचऱ्याच्या डब्यातून उचलला, पदराने पुसला. "धडधाकट आहे की गं. काचा तेवढ्या बदलून घेते."

"थांब, मीच नेते तुला रविवारी."

त्यानंतर रविवार काय कमी आले? पण आईच्या नाकावर चष्मा दिसला आणि घरादाराने गृहीत धरलं, की काचा बदलून झाल्या. चष्मा ती नाकाच्या शेंड्यावर ठेवायची आणि वरून बघायची. जावई तिला हेडमास्तर म्हणायचा. आईसुद्धा हसायची.

"वरूनच बघणार," चष्मेवाला सहज म्हणाला. "आतून काय दिसणार होतं?"

गोल फिरणाऱ्या स्टुलावर बाईंची सात वर्षांची मुलगी गिरक्या घेत होती. खारू हे तिचं नाव आजीनेच ठेवलेलं.

"आजीला अक्षरं कुठे दिसायची," जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली. "चित्रात काय आहे ते मी सांगायचे. मग ती गोष्ट करायची."

वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर डोळे बारीक करून फळ्याकडे बघायला लागलं, की त्याच दिवशी बाईंची चिठ्ठी त्याच्या घरी जायची. शाळेत त्यांचं याबद्दल नाव होतं.

आणि सुट्टीच्या एका दुपारी स्वयंपाकघरातून त्या ओरडल्या होत्या, "आई, पुस्तकात कोल्हा विहिरीत पडतो. तुझा कोल्हा विहिरीवर पाणी भरायला कसा गेला? मनचं सांगू नकोस, लिहिलंय ते वाच. पोरीला वाईट सवय लागते."

"चुकलं गं," आई म्हणाली होती. "परत वाचते हं." आणि तिने पान मागे उलटलं होतं.

"तू मला कधी बोलली नाहीस?" बाईंनी खारूला विचारलं. आवाज वर्गातला लावायचा होता, तो लागला नाही.

"आजी म्हणाली, नको सांगूस." खारूने पाय टेकवून स्टूल थांबवलं. "तुझ्या आईला एकच रविवार मिळतो, म्हणाली."

चष्मेवाला उगाचच काउंटर पुसायला लागला.

बाईंनी आपला चष्मा काढून आईचा लावला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वरचं ढब्बू अक्षर, त्याखालची, त्याखालची, अगदी तळाची बारीक ओळसुद्धा. सगळं लख्ख दिसत होतं.

"चिठ्ठी बांधू ना?" चष्मेवाल्याने विचारलं. "पेटीत टाकतो."

"नको."

त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. काचांच्या वरून तक्ता, चष्मेवाला, दार, सगळं विरघळून एक झालं. मग पर्समधून घडी केलेलं पान काढून त्यांनी चाचपडत खारूच्या हातात दिलं.

"यात काय आहे, सांग गं मला."

खारूने घडी उलगडली. पुढून बघितलं, पालटून मागून बघितलं.

"यात चित्रच नाहीये," ती म्हणाली. "नुसती अक्षरं आहेत."