गुरुवारची धूळ

गाडीला नवं, कडक सस्पेन्शन टाकलं आणि माझे पाय जमिनीवर राहीनात. गाडी दोन बोटं खाली बसली, वळणावर रस्ता सोडेना. खड्ड्यात दणके बसायचे, पण हौसेला मोल नसतं.

दर गुरुवारी बाबांना पाठीच्या उपचारांसाठी दवाखान्यात न्यायचो. ते मागे बसायचे, दारावरचं हँडल घट्ट धरायचे आणि म्हणायचे, "काय चिकटून चालते रे रस्त्याला!" मी आणखी फुगायचो.

एकच गोष्ट डोकं खात होती. गाडी दर गुरुवारी मागून मऊ वाटायची आणि शुक्रवारी पुन्हा जशीच्या तशी कडक. शेवटी गॅरेजात जाऊन मेकॅनिकला धारेवर धरलं, "काम नीट करता येत नसेल तर तसं सांगा ना!"

त्याने फडक्याला हात पुसले.

"साहेब, तुमचे बाबा येऊन गेलेत. मागचे शॉकअप मऊ करायला त्यांचा नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा, ते शिकून गेले. मी म्हटलं, काका, गुडघे टेकून चाकामागे वाकल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, तुमच्या पाठीला झेपायचं नाही. तर म्हणाले, जमेल. घरी आलो की परत कडक करून ठेवीन. पोराची हौस आहे, त्याला काही बोलू नका."



दर गुरुवारी गाडीचं दार उघडून मी बाबांवर खेकसायचो, "पँटच्या गुडघ्यांची धूळ झटका आधी, सीट खराब होते."