दुपारपर्यंत दार बंद

“काय कमी पडलं गं तुला इथं?” उदयसिंहानं विचारलं, आणि विचारतानाच त्याचा आवाज चिरकला.

वर्षाराणी त्याच्या कंपनीतली शेवटची प्रोग्रॅमर. बाकीचे एकेक करून पुण्याला गेले होते. दूध संस्थांच्या बिलांचं सगळं सॉफ्टवेअर आता तिच्या एकटीच्या डोक्यात होतं, आणि पुण्यातली एक कंपनी तिच्या होकाराची वाट बघत होती. आज दुपारी कळवायचं होतं. ती गेली की उचगावातल्या या ऑफिसला कुलूप, हे शेंबडं पोरही सांगेल.

तसं कमी काहीच नव्हतं. उदयसिंहानं कॅरम आणला, टेबल टेनिस आणलं, बसलं की माणूस अर्धा आत जातो त्या गुबगुबीत पिशव्या आणल्या. शनिवारी तांबडा-पांढरा रस्सा. कुणाचा वाढदिवस असला की सगळं काम थांबवून केक, आणि तो तोंडाला फासायची झोंबाझोंबी. माणसं आनंदात राहावीत म्हणून मालकानं आणखी काय करायचं हो? पोरं केक खायची, तोंड धुवायची आणि राजीनामा द्यायची.

“सर, मला इथं काम करायला मिळत नाही,” वर्षाराणी म्हणाली.

“काम? अगं, डोक्यावरनं चाललंय की काम.”

“तेच म्हणते मी. डोक्यात काही जुळत आलं की कुणीतरी हाक मारतं. केक कापायचाय, चल. पाहुणे आलेत, बोल त्यांच्याशी. मग परत पहिल्यापासून. दूधदर वाढल्यापासून बिलं चुकतायत, ती चूक मला सापडत आलीय. पण सलग बसूच देत नाही कुणी.” तिचे डोळे भरून आले. “मला तरी कुठं जायचंय पुण्याला? कुरुंदवाडला घर आहे, आई आहे. हे काम आवडतं मला, सर. पण इथं ते करताच येत नाही.”

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी सगळी गत झाली होती म्हणायची. उदयसिंह ताडकन उठला. स्वतःची काचेची केबिन तिला दिली. तिचा फोन घेऊन आपल्या खिशात टाकला.

“दुपारपर्यंत तुला कुणी हाक मारणार न्हाय. माझा शब्द.”

“तेवढं मिळालं ना, तर पुण्याला नाही म्हणून कळवते,” वर्षाराणी म्हणाली. तिनं दार लावून घेतलं. उदयसिंह प्लास्टिकची खुर्ची टाकून दाराशी राखणीला बसला.

आणि नेमके हंबीरराव आले. दूध संस्थेचे चेअरमन, कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आवाज असा की फाट्यावरनं ऐकू यावा. इथली रीतच अशी होती की गिऱ्हाईक आलं की थेट प्रोग्रॅमरच्या खांद्याशी जाऊन बसायचं, स्क्रीनवर बोट टेकवायचं आणि “हितं जरा मोठं कर की” म्हणायचं. त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं.

“पोरगी कुठाय?”

“आबा, आज भेट न्हाय. कामात हाय ती.”

“कामात हाय म्हणूनच आलोय की. रिकाम्या माणसाला भेटून काय करू?”

“पाया पडतो, आबा. चहा घ्या, भेळ मागवतो. पण त्या दाराला हात लावू नका.”

हंबीररावांची मान फुगली. “दारात थांबवतोस व्हय मला? तुझ्या बापाची छाती झाली न्हवती कधी.” पण बसले. पुटपुटत का होईना, चहा घेतला. आलेल्या माणसाला असं थांबवणं उदयसिंहाला जन्मात जमलं नव्हतं.

त्यानं वळून काचेतून पाहिलं. वर्षाराणी चप्पल काढून त्याच्या खुर्चीत मांडी घालून बसली होती. ओठ हलत होते, बोटं धावत होती. मध्येच ती स्क्रीनकडे बघून एकटीच हसली. असं तोंड त्यानं कॅरम खेळताना कुणाचं पाहिलं नव्हतं, केक कापताना तर नाहीच. त्याचा जीव भांड्यात पडला. जमतंय. थांबती पोरगी.

मग त्याला वाटलं, एसी जास्त झाला नसेल ना? पाणी ठेवलंय का आत? खरंच जमतंय, की आपल्यालाच तसं वाटतंय? जीव असा टांगणीला लागला की बसवेना. त्यानं हळूच दार उघडून मान आत घातली.

“जमतंय न्हवं? काय हवंय का तुला?”

तिची बोटं थांबली. ती स्क्रीनकडे बघत राहिली. तिची नजर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग हात मांडीवर ठेवले.

“गेलं?” त्यानं घाबरत विचारलं.

“गेलं. हातात आलं होतं, सर.”

“परत बस. मी आता अजिबात...”

“हंबीररावांना तुम्ही अडवलंत,” ती म्हणाली. रागानं नाही, घरच्या माणसाशी बोलावं तशी. “तुम्हाला कोण अडवणार?”

तिनं हात पुढे केला. उदयसिंहानं खिशातून तिचा फोन काढला आणि स्वतःच्या हातानं तिला दिला. दुसरं काही करायला त्याच्यापाशी नव्हतंच. ती गॅलरीत गेली. पुण्याला हो म्हणताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

हंबीरराव कप ठेवून उठले. “उघडलं व्हय दार? मग बसू का आत?”

“बसा की, आबा,” उदयसिंह म्हणाला. “आता कितीबी वेळ बसा.”