पहिल्या चौकोनातली खूण

फॉर्मवर तीन चौकोन होते. खूण एकाच चौकोनात करायची होती.

"तुमीच सांगा," ललिता म्हणाली. "उद्या सोमवार. ऑफिसात बाबू मागतील."

सायकल दुरुस्तीच्या दुकानातून आलेल्या पुनारामने हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं आणि कागद घेतला. त्याची बायको ललिता भरवेलीच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात हजेरीचं काम पाहायची. पगारातून दर महिन्याला पेन्शनसाठी पैसे कापले जायचे. ते कशात गुंतवायचे हे आता ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. पहिल्या चौकोनात खूण केली तर बहुतेक पैसा शेअरमध्ये जाणार होता. दुसऱ्यात निम्मा. तिसऱ्यात सगळा सरकारी रोख्यांमध्ये.

"प्रेमलालबाबू काय म्हणते?"

"म्हणते, ज्याचे लय वर्ष बाकी आहेत त्यानं पहिला घ्यावा. बाजार पडला तरी उठाले टाइम भेटते. ज्याचे थोडेच राह्यले त्यानं तिसरा. माही नोकरी अजून सोळा वर्ष आहे."

पुनारामने कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"वाकड्या चाकाचा आउट नुसत्या डोळ्यानं काढता," ती म्हणाली, "अन् एका कागदापायी घाम फुटून राह्यला?"

"सायकल बोलते माह्यासंगं. कागद नाही बोलत."

ती हसली. हसताना तिने पोटावर हात ठेवला.

दहा दिवसांपूर्वी तो तिला नागपूरला घेऊन गेला होता. डॉक्टरांनी तिला पडद्यापलीकडच्या बाकावर बसायला सांगितलं, पडदा ओढला आणि त्याला पाच-सहा महिन्यांचा हिशोब सांगितला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. बाहेर येऊन तो तिला म्हणाला, आतड्याले सूज आहे, गोळ्यानं उतरंन. बरं, म्हणाली. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

पुनारामच्या घरी दुखणेकऱ्याला त्याचं दुखणं कधी सांगत नसत. त्याच्या वडिलांना सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. सांगितलं की माणूस त्याच दिवशी खचतो, असं घरातली मोठी माणसं मानत आली होती. तोही मानत होता. गोंदियाला नर्सिंग शिकणाऱ्या मंजुषालासुद्धा, स्वतःच्या मुलीलासुद्धा, त्याने अजून काही कळवलं नव्हतं.

तिसरा चौकोन बरोबर होता, हे त्याला कळत होतं. पाच-सहा महिन्यांत बाजार पडला तर पडलेल्या भावानेच पैसे हाती येणार होते, आणि मंजुषाची पुढची दोन वर्षं त्याच पैशावर होती. पण तिसरा म्हटलं की ललिता विचारणार, काहून. त्याला तिच्यापुढे खोटं नीट बोलता येत नसे. एक खोटं तो दहा दिवस कसंबसं सांभाळत होता.

"पहिला," तो म्हणाला.

"पक्कं?"

"हौ. सोळा वर्ष काय कमी आहेत?"

"अन् बाजार पडला त?"

"उठंन. टाइम आहे ना आपल्याजवळ."

ललिताने पेनचं टोपण काढलं. मग तिने पेन त्याच्या हातात दिला.

"मंग तुमच्याच हातानं करा खूण."

त्याने केली. तिने कागदाची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

पुढचे महिने ती होईल तितके दिवस ऑफिसात जात राहिली. पुनाराम दुकानातून आला की कधी कधी विचारायची, "आपले शेअर चढले का?" तो म्हणायचा, हौ, चढले. एकदा म्हणाली, "रिटायर झाली का बोधगयेले जाऊ. चांगले पंधरा दिवस. तवा दुकानाले कुलूप लावजा, नाही त गिऱ्हाईक सोडून येत नाही म्हणान."

"लावीन," तो म्हणाला.

डिसेंबरात ती गेली. मला काय झालंय, असं तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. पुनारामला तेवढाच आधार होता. बाकी काही जमलं नसेल, पण तिला भीती लागू दिली नाही.

त्याच महिन्यात बाजार पडला. तिच्या जलदान विधीला आलेली माणसं ओट्यावर बसून तेच बोलत होती. पुनाराम ऐकत होता. मंजुषाला काय सांगायचं, हे त्याने मनात जुळवून ठेवलं आणि सायकल काढून भरवेलीला गेला.

"बसा, भाऊजी," प्रेमलालबाबू म्हणाला. त्याने पाणी मागवलं.

"किती बुडाले ते सांगून द्या, बाबू. पोरीले मलेच सांगा लागते."

"कशाचे बुडाले? ताईचा पैसा रोख्यात होता. पुरा. बाजाराशी त्याचं काही लागत नाही."

"पहिल्या चौकोनात खूण होती. मीच केलती."

प्रेमलालबाबूने फाइल उघडून त्याच्यापुढे सरकवली. आत एकच फॉर्म होता. खूण तिसऱ्या चौकोनात होती. खाली ललिताची सही होती.

सोमवारी जाता जाता तिचं मन बदललं असेल, असं पुनारामला वाटलं.

"माह्या हातचा दुसरा फॉर्म असंन," तो म्हणाला. "पाहा ना जरा."

"ताईनं एकच दिला. मी म्हटलंही होतं, ताई, सोळा वर्ष आहेत, पहिला घ्या. नाही म्हणाल्या. मंग काही दिवसानं एक कोरा फॉर्म मागून नेला. इचारलं काहून, त म्हणाल्या, घरी लागते."

पुनारामने कागद जवळ ओढला. सहीखाली तारीख होती, तिच्याच अक्षरात. नागपूरहून परतल्याच्या दुसऱ्या दिवसाची.