घराण्याचा पदार्थ

यादी करणाऱ्यांनो, तुमच्या लेखी दिवालीबाईच्या घराण्यात चूल कधी पेटलीच नव्हती. नाहीतर तिच्या नावापुढं तुम्ही ते लिहिलं नसतं.

यादी चर्चच्या दाराला खिळ्यावर टांगलेली होती. वर मोठ्या अक्षरात : 'नाताळचे प्रीतिभोजन. मटण-भात मंडळीतर्फे. तोंडी लावणे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या घराण्याचे आणावे.' खाली नावं. तोताराम मास्तर, अमळनेर : वांग्याचं भरीत. बेबाबाई, दोंडाईचा : मिरचीचा ठेचा. जीवरामभाऊ, धुळे : ताकाची कढी. अशी चौदा घरं. सगळ्यांत खाली दिवालीबाई, सातपुडा : पत्रावळी.

बाकीच्यांना गाव, हिला अख्खा डोंगर.

अकरा वर्षं हेच चाललं होतं. बाप्तिस्मा सगळ्यांचा एकाच पाण्यात झालेला, पण नाताळला भांड्यांची झाकणं उघडली की कोण कुठून आलंय ते नाकाला कळायचं. मास्तरांच्या घरचं भरीत शेंगदाण्याच्या तेलात न्हालेलं. बेबाबाईच्या ठेच्यानं लांबूनच ठसका लागायचा. दिवालीबाईची पानं मात्र मुकी. पळसाच्या पानाला कसला आलाय वास!

या वर्षी तिनं पानं आणलीच, दीडशे. शिवाय डोक्यावर जर्मनचं पातेलं आणलं. उडदाची डाळ. तिच्या डोंगरातल्या गावात या डाळीशिवाय लग्न लागत नाही आणि मेलेल्याचं जेवणही होत नाही. उडीद तिनं पहाटे भाजले, जात्यावर भरडले, लसूण-मिरची वाटून घातली. दवाखान्यात आया म्हणून दिवसभर उभं राहणारे तिचे पाय आज सुट्टीच्या दिवशीही चुलीपाशी चार तास उभे होते.

टेबलापाशी मास्तरांची कमलबाई भांडी लावून घेत होती. वयानं दिवालीबाईहून सहा वर्षांनी लहान.

"अगं दिवाली, हे काय? तुझं यादीत नाही."

"मना घरनी दाय शे, अक्का. यादीमा लिखेल शे ना, घराणानं आणा."

"तुझ्या नावापुढं पत्रावळी लिहिलंय."

"पत्रावळी आणी. ही दायबी आणी."

पलीकडून जीवरामभाऊ हसले. "बाई, तुझी डाळ खाल्ली तर उद्या उपासनेला कोणी यायचं नाही. सगळे डबा घेऊन पांझरा नदीच्या काठाला!"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. दिवालीबाई हसली नाही.

"आपल्या लोकांच्या पोटाला ती मानवत नाही गं," कमलबाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "ठेव तिकडं. कमी पडलं तर वाढू." आणि पातेलं टेबलाखाली, रिकाम्या पिंपाशेजारी ठेवायला लावलं. झाकण बाहेर डोकावत होतं, ते पायानं आत सरकवलं.

पायानं. दिवालीबाईनं तो पाय पाहिला. पानं उचलली आणि पंगत मांडायला गेली. चर्चच्या पाळकसाहेबांपुढं पान, मास्तरांपुढं पान, जीवरामभाऊंपुढं पान. भात पडला, मटण पडलं, भरीत, ठेचा, कढी पडली. वाफा निघू लागल्या. पण प्रार्थनेआधी घास उचलायचा नाही.

पाळकसाहेब उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. या चर्चची रीतच होती, एकेका घरच्या पदार्थाचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे.

"प्रभू, तोताराम मास्तरांच्या घरच्या भरताबद्दल तुझे आभार. बेबाबाईंच्या ठेच्याबद्दल तुझे आभार..."

चौदा घरं झाली. चौदा पदार्थ झाले. पानांचं नाव नाही, पंधराव्या घराचं नाव नाही. पाळकसाहेबांनी श्वास घेतला. आता आमेन.

"थांबा."

डोळे उघडले. दिवालीबाई पाळकसाहेबांच्या पानापुढं उभी होती. काखेत पातेलं, हातात भरलेला डाव.

"दिवालीबाई, प्रार्थना चालू आहे," पाळकसाहेब हळू म्हणाले.

"चालू द्या. मनी दायनं नाव राही गयं."

"अगं बस खाली!" कमलबाई ओरडली. "सणाच्या दिवशी तमाशा नको."

दिवालीबाई बसली. पण आपल्या जागेवर नाही, तिथंच, पाळकसाहेबांसमोर. पातेलं मांडीशी टेकवलं, डाव त्यात ठेवला. पाळकसाहेबांच्या पानाच्या कडेची एक काडी ओढून काढली. दोन पानं सुटली आणि कढीचा ओघळ सतरंजीवर आला. ती काडी तिनं सगळ्यांना दिसेल अशी दातांत आडवी धरली.

"पान कसं शिवतस, माहीत शे तुमले?" काडी दातांतच होती. "दोन्ही हात पानले लागतस. मंग काड्या कोठे ठेवाव्या? तोंडमा. एक टोचानी, दुसरी दातमा. एक पानले आठ काड्या. बठ्ठ्या, एकूणएक, मना तोंडमातून निंघेल शेत."

मास्तरांचा भातावर टेकलेला हात मागं आला. जीवरामभाऊ आपल्या पानाच्या शिवणीकडं बघत राहिले, जणू ती आज पहिल्यांदाच दिसत होती.

दिवालीबाईनं दातांतली काडी काढली आणि पाळकसाहेबांच्या पानात होती तिथंच परत टोचली. कढीचा ओघळ थांबला. मग डाव उचलून तिनं पानावर धरला. डाळीची वाफ पाळकसाहेबांच्या चष्म्यावर चढली.

"अकरा वरीस मना तोंडनं चालनं. मंग मना चूलनं का बरं चालत नही? सांगा, पाळकसाहेब. आधी सांगा, मंग आमेन म्हना."