हेल्मेटमधलं तिसरं माणूस

तो खोकला योगेंद्रचा नव्हता.

नंदिनीच्या कानात, हेल्मेटच्या आत, कोणीतरी दाबून खोकललं होतं आणि लगेच गप्प झालं होतं. मोटरसायकल एकोडीहून साकोलीकडं निघाली होती. पुढं बसलेला तिचा नवरा सरळ रस्त्याकडं बघत होता.

“तुम्ही खोकलले काय?” तिनं विचारलं.

“नाही तं. हवा वाजली असन,” योगेंद्र म्हणाला. त्याचा आवाज तिच्या कानाला अगदी लागून आला. मघाचा खोकला मात्र दुरून आल्यासारखा होता. बाईचा की पुरुषाचा, तेही कळलं नव्हतं.

ते हेडसेट त्यानं दिवाळीनंतर आणले होते. एक स्वतःच्या हेल्मेटला बसवला, एक तिच्या. वायर नाही, काही नाही. मागं बसून हळू बोललं तरी पुढच्याला ऐकू जायचं, आणि त्याच्या फोनवरचं बोलणंही दोघांच्या कानात यायचं. दोघंही साकोलीला कामाला. तो राईस मिलमध्ये, ती शिवणकामाच्या दुकानात. जाणं-येणं रोज सोबत. सुरुवातीला नंदिनीला मौज वाटली. घरी सासू गोदावरीबाईंसमोर दोघांना मोकळं बोलता येत नसे. गाडीवर पोटभर बोलता येऊ लागलं.

मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की बोलते ती एकटीच. योगेंद्र नुसता विचारतो. काल काय जेवली, झोप लागली का, पाय सुजतात का. एका घरात राहणाऱ्या माणसाला हे विचारायची काय गरज? घरी तर तो यातलं एक अक्षर काढत नसे. ती रुसून गप्प बसली की मात्र कासावीस व्हायचा. बोल ना काही, म्हणायचा आणि गाडी आणखी हळू करायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेताच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले असत. ती ते बघत बसायची आणि मनात शंका कुरतडत राहायची.

एका सकाळी ती डबा घेऊन अंगणात आली, तेव्हा तो हेल्मेट घालून गाडीजवळ पुटपुटत होता. “हो, येऊन राहिली. आता बसते.”

ती दिसताच तो टाकीवर फडकं मारू लागला.

कोणाला सांगत होता? तिनं विचारलं नाही. विचारलं तर तो सावध झाला असता.

शेजारच्या ललिताबाईंजवळ तिनं सहज म्हणून विषय काढला. त्यांनी आपल्या भाचीची हकिकत सांगितली. भाचीचा नवरा असाच गोड बोलून तिला बोलतं करायचा आणि फोनवर सगळं भरून घ्यायचा. पुढं तेच वकिलापुढं ठेवलं आणि तिला घराबाहेर काढलं. दुसरी कोणी मनात भरली की पुरुष असाच कारभार करतात, असं म्हणून ललिताबाई भाजी निवडू लागल्या.

नंदिनीची त्या दिवशी दुकानात दोनदा शिवण चुकली. तिला घराबाहेर काढलं तर ती जाणार कुठं? माहेर उरलं नव्हतं. करडीच्या तलावावर मासेमारी करणारा तिचा बाप, तुलाराम, पोरीनं मर्जीनं लग्न केलं म्हणून डोकं भादरून बसला होता. जिवंत लेकीच्या नावानं त्यानं तेरवीचं जेवण घातलं होतं. त्यात आता तिला पाचवा महिना लागला होता.

तपासणीला दोघं सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके दोघांनाही ऐकवले. परत येताना गाडी गावाबाहेर पडली आणि योगेंद्रनं विचारलं, “डॉक्टरीन काय म्हणे?”

“तुम्ही बाजूलेच तं बसले होते.”

“तरी सांग. पहिल्यापासून सांग.”

तिनं सांगितलं. वजन, रक्त, बाळाचे ठोके कसे धावत होते ते. सांगून झालं आणि कानात कोणीतरी नाक ओढलं. योगेंद्रचे खांदे जागचे हलले नव्हते. आता तिला शंका राहिली नाही. आपल्या पोटातलं पोर कोणालातरी ऐकवलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी साकोलीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. योगेंद्रनं गाडी पंक्चरच्या दुकानासमोर झाडाखाली लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि माणसाला हाक मारायला आत गेला. फोन हँडलवरच्या पकडीत राहिला होता.

नंदिनीनं वाकून बघितलं. कॉल चालू होता. वर नाव नव्हतं, नुसता नंबर. घरून निघाल्यापासूनच तो चालू असावा.

कापावा म्हणून तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. कापला तर ती बाई कायमची निसटणार होती. नंदिनीनं स्वतःचं हेल्मेट काढलं नाही. दुकानाकडं पाठ केली आणि आवाज खाली ठेवून बोलली.

“कोण होय वं तू?”

पलीकडं श्वास थांबला.

“मले माहीत हाय तू आयकून राहिली. रोज आयकते. दुसऱ्याचा संसार असा चोरून आयकून काय भेटते तुले?”

फोन ठेवला जाईल असं तिला वाटलं. तो ठेवला गेला नाही.

“लय भेटते, नंदे,” तुलाराम म्हणाला. “तू बोलत राय. तुयी मायबी आयकून राहिली.”