कोरसमधला आवाज

सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवरून भीमगीतांची नवी सीडी घ्यायची, हा अप्पांचा नेम. अप्पा उन्हाळ्यात गेले, म्हणून यंदा मी घेतली.

"मोबाइलवर डाउनलोड कर ना रे, दादा," धाकटी नम्रता हसली.

सीडी लावली. गाणी यंदाचीच, पण कोरसमध्ये अप्पा होते. शेवटचा सूर लांबवायची तीच सवय. आणि काय गात होते! जिवंतपणी कधी इतके सुरात नव्हते.

नम्रताने तेच गाणं डाउनलोड करून ऐकवलं. त्यात अप्पा नव्हते.

मी पुन्हा सीडी लावली. आता अप्पांच्या जोडीला एक बाई गात होती.

नम्रता दचकून वळली. "आई, तू गातेयस?"

"छे गं, मी ऐकतेय," आई कौतुकाने म्हणाली. "पण काय आवाज लागलाय बघ माझा!"